धुमसणारे खोड

फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत कर्जतहून कशेळ्याच्या वाटेने, किंवा इकडे खालापूरच्या अंगाला निघाले, म्हणजे शेताशेतांतून धुराच्या बारीक रेघा वर चढताना दिसतात. मुंबईहून शनिवार-रविवारी आलेल्या पाहुण्यांना वाटते, शेतकरी कचरा जाळतो आहे. कचरा नव्हे, तो राब. पावसाळ्यात भाताची रोपे जिथे तयार करायची तेवढाच तुकडा निवडायचा, त्यावर शेण, झाडांचे कवळ, पातेरा आणि वरून बारीक माती असे थर द्यायचे, भोवतालचे वाळके गवत काढून घ्यायचे आणि वाऱ्याच्या उलट अंगाने विस्तव लावायचा. म्हणजे आग धावत नाही, सावकाश भाजत जाते. तणाचे बी मरते, राख रोपांना लागू पडते. घरातले एखादे जाणते माणूस ओली डहाळी हातात घेऊन कडेला उभे असते. पेटवणारे कोणीही चालते. हे माणूस मात्र विझवण्यासाठी उभे असते. त्याचा डोळा चुकला, वारा फिरला, की त्याच विस्तवाचा वणवा होतो आणि रात्री डोंगराच्या उतारावर लाल माळ दिसू लागते.

तिसराही एक प्रकार आहे. वणवा येऊन जातो, आणि एखादे जुने खोड आतून पेटलेले राहते. ज्वाला नाही, डोळ्यांत भरेल इतका धूर नाही. वरून राखेचा रंग. गुरे त्याच्या शेजारून खुशाल जातात. दोन-चार दिवसांनी काठीने टोकरले तर आत लाल निखारा! याला मराठीत 'धुमसणे' म्हणतात. आणि या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे, की एखादा शब्द जागच्या जागी बसलेला दिसला की मला दोन घास जास्त जातात.

हे सांगण्याचे कारण एक पत्रक. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंनी मधुमेहाच्या शिबिरासाठी केलेले मराठी पत्रक माझ्याकडे 'शुद्धलेखन पाहा' म्हणून धाडले. त्यात लिहिले होते, की मधुमेह आणि हृदयविकार यांच्या मुळाशी शरीरातील 'सूज' असते. आणि पुढच्याच ओळीत, 'ही सूज दिसत नाही व दुखतही नाही.' ऱ्हस्व-दीर्घ सगळे ठीक होते. पण सूज आहे, ती दिसत नाही आणि दुखतही नाही, हे वाचून शिबिरातला शहाणा माणूस काय म्हणेल? 'मग ती सूज कसली, ते भूत असेल!' असेच ना? मी शुद्धलेखन सोडून त्या शब्दाच्या मागे लागलो, बाईंना प्रश्न विचारून हैराण केले, त्यांनी दिलेले वाचले, आणि आता ते दिवाळीच्या अंकात तुमच्यापुढे ठेवतो आहे. 'फराळाच्या ताटाशी रोगांची नावे नकोत,' असा घरून विरोध झाला होता. तो नोंदवून पुढे जातो.

इंग्रजांच्या 'इन्फ्लमेशन' शब्दात मुळात आगच आहे. आपल्या 'दाह' शब्दातही आहे. वैद्यकातला 'शोथ' आणि घरातली 'सूज' हे शब्द मात्र फुगण्यावर बोट ठेवतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेल्सस नावाच्या लेखकाने दाहाच्या चार खुणा सांगितल्या: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. आजही वैद्यकाचा विद्यार्थी त्या पाठ करतो. पायात बाभळीचा काटा मोडून दुसऱ्या दिवशी पाय ठणकू लागला, की आपल्यालाही त्या पाठ न करता कळतात.

त्या काट्याभोवती नेमके काय घडते, हे प्रथम पाहिले एका रशियन प्राणिशास्त्रज्ञाने. 1882 साली एली मेचनिकॉफ इटलीत मेसिना येथे राहत होता. घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती आणि हा एकटा सूक्ष्मदर्शकाशी बसला होता. ताराम्याच्या काचेसारख्या पारदर्शक पिलांत काही पेशी आपल्या आपण फिरताना त्याला दिसत. त्याच्या मनात आले, या फिरत्या पेशी पहारेकरी तर नसतील? त्याने बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्या पिलांच्या अंगात टोचले. रात्र तळमळत काढली. सकाळी पाहतो तो प्रत्येक काट्याला त्या पेशींनी वेढा घातलेला! परक्याला गिळून टाकणाऱ्या या पेशींना 'भक्षक पेशी' असे नाव पडले आणि 1908 साली मेचनिकॉफला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

हा मेचनिकॉफ आपल्याला वाटतो तितका परका नाही. ओडेसा येथे त्याच्या हाताखाली शिकलेला वाल्डेमार हाफकिन हाच पुढे प्लेगच्या साथीत मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या अपुऱ्या जागेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेवरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे गुरुशिष्याचे नाते माहीत असेल, कोण जाणे.

तर या पहारेकऱ्यांची फौज केवढी? आपल्या हाडांतली मज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी पांढऱ्या पेशी, त्याही एकाच जातीच्या, तयार करून रक्तात सोडते. त्या एखाददुसऱ्या दिवसातच संपून जातात. काटा मोडला, जंतू शिरले, की त्या जागेच्या पेशी रसायनांच्या रूपाने सांगावा धाडतात. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि उष्णता. त्यांच्या भिंतींतून पाणी व पेशी बाहेर येतात, म्हणून सूज. मज्जातंतू चाळवतात, म्हणून ठणका. पाठोपाठ महाभक्षक पेशी येतात. त्या जंतू गिळतात, मेलेल्या पेशीही गिळतात, आणि इथे खरी गंमत आहे. काम आटोपत आले की याच पेशी आपला स्वभाव बदलतात. मारामारीची रसायने सोडणे थांबवून डागडुजीची रसायने सोडू लागतात. पूर्वी समज असा होता, की काटा निघाला की दाह आपोआप ओसरतो, जसे तेल संपले की दिवा विझतो. तो आता मागे पडला. दाह ओसरणे हे शरीराने करावे लागणारे काम आहे. राबाच्या कडेला ओली डहाळी घेऊन उभे राहिलेले माणूस ते हेच.

हे माणूस हजर नसले तर? कधी पहारेकरी घरच्याच माणसाला चोर समजून धोपटतात. आमवातात बोटांचे सांधे असे सुजतात आणि वाकडे होतात. तिथे काटा नसतो, जंतू नसतो, फौज मात्र हटत नाही. कधी शत्रू खरा असतो पण मरत नाही. क्षयाच्या जंतूला महाभक्षक पेशी गिळतात आणि तो त्यांच्या पोटातच तग धरून राहतो. मग पेशींवर पेशी येऊन त्याच्याभोवती कोट बांधतात. कित्येकांच्या फुफ्फुसात असा वेढा वर्षानुवर्षे शांतपणे चालू असतो आणि त्यांना खोकलाही येत नाही. या वेढ्याची आठवण ठेवा, पुढे लागणार आहे.

अलीकडे गल्लोगल्ली 'रोगप्रतिकारशक्ती वाढवा' अशा पाट्या लागल्या आहेत. 2020 च्या साथीनंतर तर या शक्तीचे काढे, गोळ्या, लाडू, बिस्किटेसुद्धा निघाली. भाषेचा मास्तर म्हणून मला त्यातल्या 'वाढवा' या क्रियापदाचीच धास्ती वाटते. आमवाताने हात वाकडे झालेल्या बाईची ही शक्ती कमी का पडली आहे? ती आवरत नाही, हेच तर तिचे दुखणे!

आता त्या न दिसणाऱ्या, न दुखणाऱ्या दाहाकडे येऊ. माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णांनी तीस वर्षे कर्जतहून मुंबई गाठली: पहाटेची गाडी, दिवसभर खुर्ची, रात्री साडेनऊला पान. हातपाय काड्यांसारखे. लग्नातला कोट अजून खांद्याला बसतो, हे ते आल्यागेल्याला सांगत. पण त्याच कोटाची खालची दोन बटणे लागत नाहीत, हे माझ्या बहिणीने हळूच सांगितलेले. चार वर्षांपूर्वी नवी चपल लागून त्यांच्या पायाच्या करंगळीला जखम झाली. ती भरेना. हळद झाली, मलम झाले. महिन्याभराने रक्त तपासले तर साखर तीनशेच्या पुढे. अण्णा डॉक्टरांवरच रागावले. "मधुमेह? मला? अहो, तो जाड्यांचा रोग!" शेवटी करंगळी काढावी लागली.

अण्णांच्या त्या प्रश्नाचे उत्तर घाटाच्या पलीकडे, पुण्यात सापडते. रास्ता पेठेतल्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी उभे आयुष्य याच कोड्यावर घालवले, की आपल्याकडच्या सडपातळ माणसांना, आणि तेही लवकर, मधुमेह का होतो. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या नियतकालिकात एक फोटो छापून आला. त्यात याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन काढण्याचे जे गणित असते, त्यात दोघेही अगदी बरोबरीचे: 22.3. कोणीही म्हणेल, दोघे सारखेच सडपातळ. यंत्राने आतली चरबी मोजली, तेव्हा युडकिनसाहेबांच्या अंगात ती निघाली 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! वजनकाट्याने दोघांना एकच पावती दिली होती. शास्त्रज्ञाने स्वतःचेच शरीर असे चव्हाट्यावर मांडावे, याचे मला फार कौतुक वाटते.

पण चरबी म्हणजे काही विस्तव नव्हे, मग दाहाचा संबंध काय? आजवर आपण चरबीला कोठीतल्या तुपाच्या डब्यासारखे समजत आलो: भरला की भरला, लागेल तेव्हा काढायचे. 1993 साली बोस्टनमधल्या संशोधकांना लठ्ठ उंदरांच्या चरबीतून 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर' हे रसायन बाहेर पडताना आढळले. हे तर दाहाच्या वेळी पेशी धाडतात त्या सांगाव्यांपैकी एक! आणि ते इन्शुलिनच्या कामात आडवे येते. दहा वर्षांनी, 2003 साली, अमेरिकेतल्या दोन गटांनी आणखी पुढचे पाहिले. लठ्ठपणात चरबीच्या थरांत महाभक्षक पेशी थव्याने येऊन बसतात. चरबीच्या पेशी फुगता फुगता काही मरतात; त्यांचा निचरा करायला मेचनिकॉफचे पहारेकरी येतात, जसे ते काट्यापाशी येतात. फरक एवढाच, की काटा एकदा निघतो. इथे रोज खाणे चालू, बसणे चालू, पेशी फुगणे चालू. काम संपतच नाही, म्हणून पहारेकरी परतत नाहीत. लाली नाही, ठणका नाही. नुसते खोड धुमसते.

त्यातही चरबी कोठे साठते याला महत्त्व आहे. मांड्यांवर, दंडांवर कातडीखाली असते ती बरीचशी निरुपद्रवी. पोटात, आतड्यांच्या आसपास आणि यकृतात शिरते ती खोडसाळ. तिथून निघणारे सांगावे थेट यकृताला पोचतात. रक्तातली साखर आवरायला इन्शुलिन असते, पण पेशी त्याचे ऐकेनाशा होतात. त्याच सुमारास रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही तोच खेळ चालतो: भिंतीत शिरलेले कोलेस्टेरॉल गिळायला महाभक्षक पेशी जातात, गिळून गिळून तट्ट फुगतात आणि तिथेच पडून राहतात, वर पापुद्रा धरतो. दाहाने तो पापुद्रा पातळ होतो, आणि एखाद्या दिवशी तो फुटून त्यावर रक्ताची गुठळी जमली, की आपण म्हणतो, 'काल तर चांगले बोलत होते!'

याज्ञिक आणि युडकिन यांनी पुणे जिल्ह्यातल्या माणसांच्या रक्तात हे सांगावेच मोजले. 1999 साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की दाहाची ही रसायने शहरातल्या माणसांत खूप अधिक होती, खेड्यातल्यांत नव्हती. रक्त तेच, भाकरीची चव तीच, आजोबा कदाचित एकाच गावचे. 'खेड्यातला माणूस काटक' असे आपण म्हणतो, ते नुसते कौतुक नसून त्याला रक्तातला पुरावा आहे, असे म्हणायला हरकत नाही. अर्थात हा पुरावा तेव्हाच्या खेड्याचा. 2023 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख रुग्ण असल्याचा अंदाज निघाला. एवढ्यांना पुरतील इतकी शहरे आहेत कोठे? आमच्याकडेही राब भाजणाऱ्या कित्येक जमिनींवर आता कुंपणे आणि बंगले आले. ज्यांची शेते गेली ते तिथेच फाटकापाशी खुर्चीवर बसून पहारा करतात.

अण्णांच्या करंगळीचे कोडेही इथे उलगडते. ज्या फौजेने पोटात वर्षानुवर्षे नको ती धुमश्चक्री घातली, तीच जखमेपाशी नीट का लढली नाही? साखर चढलेल्या रक्तात भक्षक पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्यांतून त्यांना वाट मिळत नाही, आणि मज्जातंतू बधिर झाल्याने दुखणेच कळत नाही. शिवाय महाभक्षक पेशींचा तो स्वभावबदल होत नाही. डागडुजीकडे न वळता त्या जखमेत भांडतच राहतात. डॉक्टरीणबाईंनी हे समजावले तेव्हा अण्णाही बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे दुखले असते तर बोट राहिले असते?" बाईंनी मान हलवली.

मग हा दाह औषधाने सरळ विझवून का टाकू नये? करून पाहिले आहे. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि रक्तात दाहाची खूण चढलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे फळ 2017 साली जाहीर झाले. औषध असे होते, की ते कोलेस्टेरॉलला हातही लावत नव्हते, फक्त दाहाचा एक सांगावा अडवत होते. झटके, पक्षाघात वगैरे सुमारे 15 टक्क्यांनी कमी झाले. दाह हा नुसता साक्षीदार नसून गुन्ह्यात सामील आहे, हे त्याने सिद्ध झाले. पण त्याच रुग्णांत जंतुसंसर्गाने दगावणारे वाढले, आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. आमवातावर 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर' अडवणारी उत्तम औषधे आहेत. अंथरुणाला खिळलेली माणसे त्यांनी उठून चालू लागली. पण ती द्यायच्या आधी डॉक्टर क्षयाची तपासणी करून घेतात. फुफ्फुसातला तो शांत वेढा आठवतो ना? पहारेकऱ्यांना झोपवले, की कोटातला जंतू बाहेर पडतो. आपल्या देशात ही भीती कागदावरची नाही.

मोठ्या उपायांची ही गत, म्हणून लहान उपायांना मी हसत नाही. रोजच्या चालण्याने पोटातली चरबी सर्वांत आधी हलते, वजनकाटा जागचा हलला नाही तरी. पुरती झोप, तंबाखू सोडणे, दात. हो, दात! हिरड्यांतून रक्त येणे आपण घरगुती बाब समजतो आणि आमच्याकडच्या कितीतरी बायका त्यावर मिश्रीच घासतात. पण सुजलेल्या हिरड्या हाही धुमसणारा दाहच, तो साखर वाढवतो, आणि वाढलेली साखर हिरड्या आणखी बिघडवते. दाहाची खूण रक्तात मोजता येते, पण साध्या सर्दीनेही ती चढते, म्हणून ती मोजायला कोणी लगेच धावू नये. त्यापेक्षा शिंप्याची टेप घ्यावी. आपल्याकडे पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 च्या वर जाऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. पोट आत ओढून मोजायचे नाही! पत्रकात मी सुचवलेला 'धुमसता दाह' बाईंना पसंत पडला, पण त्यांनी शेजारी टेपचे चित्र घातले, आणि शिबिरात लोक शब्द सोडून चित्रच पाहत होते.

अण्णा आता नदीकाठाने रोज सकाळी तासभर चालतात. त्यांची साखर आटोक्यात आहे. गेल्या वर्षी त्यांना नात झाली, अडीच किलोची. 'नाजूक आहे, आपल्या घराण्यावर गेली,' असे बारशाला सगळ्या बायका म्हणाल्या. मला पुण्याचे ते दुसरे काम आठवले. 1993 पासून याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या आहाराची आणि बाळांच्या अंगकाठीची नोंद ठेवली. बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडात साउदॅम्प्टनची बाळे 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, हातपाय बारीक, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. नाळेच्या रक्तातले इन्शुलिनही अधिक. कोटाची खालची दोन बटणे न लागण्याची तयारी अशी आईच्या पोटातच सुरू होते, कारण आई स्वतः अर्धपोटी राहिलेली असते.

ती बाळे आता तिशीच्या घरात आहेत. 2012 साली, त्यांच्यातल्या काहींचे संसार सुरू होण्यापूर्वीच, त्यांना ब-12 जीवनसत्त्व आणि इतर सूक्ष्म पोषक द्रव्ये रोज देऊन पाहण्याचा प्रयोग याच संशोधकांनी हाती घेतला, पुढच्या पिढीची अंगकाठी बदलते का ते पाहण्यासाठी. त्या मुलींची मुले एव्हाना शाळेत जाऊ लागली आहेत.